उताऱ्यात नसलेलं उत्तर मला खरं का वाटतं? (क्लॅट, वाचन-आकलन)

केळीबाग_रावेर · रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बारावी झाली, एक वर्ष थांबले आहे, डिसेंबरच्या क्लॅटची, म्हणजे कायद्याच्या पदवीच्या प्रवेश परीक्षेची, तयारी चालू आहे. क्लास ऑनलाइन, घर मळ्यात, रेंज फक्त गच्चीवर. त्यामुळे डास मारत मारत सराव परीक्षा देते.

अडचण इंग्रजीच्या उताऱ्यांची आहे. शब्द अडत नाहीत, वेळही पुरतो. पण चार पर्यायांतले दोन कटतात आणि उरलेल्या दोनांतला नेमका चुकीचा मी उचलते. दर वेळी. आणि चुकीला पाव गुण वजा.

परवाचं उदाहरण ऐका. उतारा चक्क केळीवर होता. मी मनात म्हटलं, आज पैकीच्या पैकी! आठवेल तसा मराठीत देते:

"टिश्यू कल्चरची रोपं आणि ठिबक आल्यापासून काही भागांत सगळी बाग जवळपास एकाच वेळी काढणीला येऊ लागली. व्यापाऱ्याला एका दिवसात पूर्ण गाडी भरणं सोपं झालं. मात्र एकदम माल आल्याने भाव ठरवताना घासाघीस करण्याची शेतकऱ्याची ताकद काही ठिकाणी कमी झाली."

प्रश्न: वरील मजकुरावरून काय म्हणता येईल?
अ) टिश्यू कल्चरमुळे शेतकऱ्याचं उत्पन्न वाढलं.
ब) टिश्यू कल्चरमुळे शेतकऱ्याची घासाघिशीची ताकद सगळीकडे कमी झाली.
क) माल एकाच वेळी येण्याचा कोणाला फायदा झाला, तर कोणाला काही ठिकाणी तोटा.
ड) टिश्यू कल्चरची रोपं पारंपरिक कंदापेक्षा रोगमुक्त असतात.

मी ड दिलं. उत्तर क निघालं. आमच्याकडे कंद लावायचे तेव्हा काय काय रोग बागेत यायचे ते मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून ड. ते खोटं आहे का? नाही ना! मग चूक कशी?

मिरची_नंदुरबार · रविवार, रात्री १०:०५

ताई, रोज एक इंग्रजी पेपर वाच. अग्रलेख सोडू नकोस. आपोआप येईल.

केळीबाग_रावेर · रविवार, रात्री १०:११

दादा, दीड वर्ष वाचतेय. वेग वाढला, चूक तीच राहिली. आता फक्त लवकर चुकते.

भुसावळ_जंक्शन · रविवार, रात्री ११:३०

"आता फक्त लवकर चुकते" हे मी भिंतीवर लिहून ठेवणार आहे.

मी क्लॅट दिलेली नाही. पदवीनंतर अमेरिकेतल्या कायद्याच्या कॉलेजांसाठी एलएसएटी दिली. तिथे वाचन-आकलनाचा ३५ मिनिटांचा स्वतंत्र भाग असतो. चार संच, त्यातला एक दोन छोट्या उताऱ्यांचा, दोन्ही लेखकांची तुलना करायला लावणारा. प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय. ऑगस्ट २०२४ पासून त्यांनी कोड्यांचा भाग काढून टाकला, म्हणजे आता सगळी परीक्षाच वाचणं आणि युक्तिवाद यांवर उभी आहे. चुकीला गुण वजा होत नाहीत, एवढीच काय ती दया.

मी दोन महिने तुझ्यासारखाच मार खात होतो. मग एका सीनियरने एकच सवय लावली. उत्तर निवडलं की पडद्यावर बोट ठेवायचं. खरोखरचं बोट. ज्या ओळीमुळे हे उत्तर बरोबर ठरतं त्या ओळीवर. बोट ठेवायला जागा सापडली नाही तर ते उत्तर कितीही सुंदर असो, सोडायचं.

तुझ्या ड वर ठेव बोट. "रोग" हा शब्द उताऱ्यात आहे? नाही. तो तुझ्या बागेत आहे.

वकील_धुळे · सोमवार, सकाळी ७:१५

सुप्रभात. कोर्टात निघायच्या आधी दोन शब्द.

तीस वर्षं दिवाणी कामं केली. पक्षकार येतो आणि सांगतो, "साहेब, बांध माझाच आहे, सगळ्या गावाला माहीत आहे." मी विचारतो, कागद काय आहे? तो पुन्हा गावाचंच सांगतो. समजा न्यायाधीशसाहेब त्याच गावचे असले आणि बांध त्याचाच आहे हे त्यांना लहानपणापासून माहीत असलं, तरी त्या माहितीवर त्यांना निकाल देता येत नाही. जे रेकॉर्डवर आलं त्यावरच द्यावा लागतो. परीक्षेत तू न्यायाधीश आहेस बेटा. उतारा हे तुझं रेकॉर्ड. केळीचं तुझं ज्ञान हे गावाचं म्हणणं.

मराठीत गंमत अशी की परीक्षेतल्या या मजकुराला उतारा म्हणतात आणि जमिनीच्या सातबाऱ्यालाही उताराच म्हणतात. सातबाऱ्यावर नोंद नाही, तर हक्क सांगू नका.

पारोळा_सर्कल · सोमवार, सकाळी ९:०२

वकीलसाहेब, माफ करा, महसूल खात्यात उभी हयात गेली म्हणून बोलतो. सातबारा हा मालकीचा पुरावा नाही! जमीन महसूल संहिता १९६६, कलम १५७. नोंद खरी धरायची, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. सातबाऱ्यावर नाव असलं म्हणजे मालक झाला, असं नसतं. मुलीला चुकीचं शिकवू नका.

वकील_धुळे · सोमवार, दुपारी २:२०

भाऊसाहेब, शंभर टक्के मान्य. आणि तुम्ही नकळत माझं अर्धं काम केलंत. उताऱ्यात लिहिलंय "नोंद आहे". पर्याय येतो "मालक आहे". वाचताना दोन्ही एकच वाटतात, पण मधे एक उडी आहे. केळीबाग, तुझ्या प्रश्नातला ब बघ. उतारा म्हणतो "काही ठिकाणी". पर्याय म्हणतो "सगळीकडे". विषय तोच, शब्द बहुतेक तेच, फक्त माप वाढवलंय. अ मधल्या उत्पन्नाचा तर उताऱ्यात उल्लेखच नाही, गाडी लवकर भरली म्हणून उत्पन्न वाढलं असेल असं आपणच जोडतो. गाडी व्यापाऱ्याची भरली हो.

चाळीसगावचा_पोऱ्या · सोमवार, सायंकाळी ६:४५

सगळं कबूल, पण बोटाची पद्धत अर्ध्या प्रश्नांना लागूच होत नाही. "लेखक पुढीलपैकी कशाशी सहमत होईल", "यावरून काय निष्कर्ष निघतो" असले प्रश्न आले की उत्तर उताऱ्यात जसंच्या तसं नसतंच. मग बोट कुठे ठेवू? कपाळावर?

भुसावळ_जंक्शन · सोमवार, रात्री १०:५०

पोऱ्या, प्रश्न चांगला आहे. उत्तर देण्याआधी तुझ्याच गावचा उतारा देतो. मी लिहिलाय, पण माहिती खरी आहे. सगळ्यांनी सोडवा, उत्तर उद्या.

"चाळीसगावजवळच्या पाटणे इथल्या शिलालेखात, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद आहे. भास्कराचार्यांनी स्वतः आपलं गाव सह्य पर्वताच्या आश्रयाला असलेलं विज्जडविड असं सांगितलं आहे. हे गाव म्हणजे आजचं नेमकं कोणतं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. काही जण शिलालेखाच्या आधारे ते पाटण्याच्याच परिसरात शोधतात. मठ कुठे होता हे शिलालेख सांगतो. मात्र नातवाने जिथे मठ काढला तिथेच आजोबा जन्मले, असं म्हणायला आणखी काहीतरी हाताशी हवं."

प्रश्न: वरील मजकूर कोणत्या विधानाला सगळ्यात जास्त आधार देतो?
१) भास्कराचार्यांचा जन्म पाटण्याच्या परिसरात झाला.
२) जन्मगावाचा प्रश्न एकट्या शिलालेखावरून सुटत नाही, असं लेखकाचं मत आहे.
३) चांगदेवाने मठ काढला नसता तर भास्कराचार्यांचे ग्रंथ नष्ट झाले असते.
४) पाटण्याच्या शिलालेखाच्या खरेपणावर अभ्यासकांचं एकमत नाही.

मिरची_नंदुरबार · सोमवार, रात्री ११:०४

४. "एकमत नाही" हे उताऱ्यात आहे, बोट ठेवलं!

चाळीसगावचा_पोऱ्या · सोमवार, रात्री ११:०९

१. आणि यावर वाद नकोय. आम्ही शाळेत असल्यापासून सहलीला पाटणादेवीला जातोय, तिथे काय ते सगळं माहीत आहे.

केळीबाग_रावेर · सोमवार, रात्री ११:२०

आधी ३ वाटलं. कारण चांगदेव म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर मुक्ताईनगरजवळचं, तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेवाचं देऊळ आलं. वाघावर बसून येणारे योगी, मोठा चमत्कारी माणूस, त्याने ग्रंथ वाचवले असणारच! मग लक्षात आलं की हा नातू वेगळा आणि ते वेगळे. आता २ म्हणते. शेवटच्या ओळीवर बोट.

भुसावळ_जंक्शन · मंगळवार, रात्री ८:३०

२ बरोबर. केळीबाग, चांगदेवाचा घोटाळा लिहिलास ते फार चांगलं केलंस. नाव ओळखीचं निघालं की डोकं उतारा सोडून घरी पळतं. मी हा उतारा मुद्दाम खानदेशातला घेतला तो याचसाठी.

मिरची, तू बोट ठेवलंस पण एका शब्दावर ठेवलंस. एकमत कशावर नाही? गाव कोणतं यावर. शिलालेख खरा की खोटा यावर कोणी भांडलेलं नाही. पर्याय लिहिणारे हे मुद्दाम करतात. उताऱ्यातला ठसठशीत शब्द उचलायचा आणि भलत्याच गोष्टीला चिकटवायचा. म्हणून शब्दावर नाही, पूर्ण वाक्यावर बोट. कोण, काय, कशाबद्दल, सगळं जुळलं पाहिजे.

आता पोऱ्याचा निष्कर्षाचा प्रश्न. २ हे वाक्य उताऱ्यात जसंच्या तसं नाही. पण "आणखी काहीतरी हाताशी हवं" हे आहे. आणखी हवं याचा अर्थ आहे ते पुरत नाही. बस, एवढीच एक पायरी. अशा परीक्षांत निष्कर्ष म्हणजे इतकाच लहान असतो, जवळजवळ कंटाळवाणा. उतारा खरा मानला तर जे नाकारता येत नाही ते. आपण मात्र निष्कर्ष म्हटलं की काहीतरी हुशारीचं शोधायला जातो. ३ नंबर हुशारीचा आहे. ग्रंथ नष्ट झाले असते की नसते याचा उताऱ्यात मागमूस नाही, पण वाचायला भारी वाटतं.

चाळीसगावचा_पोऱ्या · मंगळवार, रात्री ८:४१

म्हणजे भास्कराचार्य आमचे नाहीत?

भुसावळ_जंक्शन · मंगळवार, रात्री ८:४४

असतीलही रे बाबा. १ खोटं आहे असं मी म्हटलेलंच नाही. या उताऱ्यातून ते निघत नाही, इतकंच.

अमळनेरची_बाई · बुधवार, दुपारी ३:३५

शिक्षिका आहे, अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते, म्हणून मधे बोलते. माझे आजोबा शाळेत गेले नव्हते, पण कोणी काही छातीठोक सांगितलं की म्हणायचे, "हाई कोठे लिखेल शे, दाखाड." मी वर्गात हेच वाक्य वापरते. पोरं हसतात पण लक्षात राहतं.

दोन गोष्टी मुलांच्या वह्यांतून सांगते.

पहिली, "सर्व", "फक्त", "कधीच", "नेहमी" असे शब्द दिसले की पर्याय काटा, असं क्लासमध्ये शिकवतात. अर्धवट खरं आहे. उताऱ्यातच लेखक ठामपणे म्हणाला असेल की "या करारातली एकही अट पाळली गेली नाही", तर "कोणतीच अट पाळली नाही" हाच पर्याय बरोबर. उलट "काही अटी पाळल्या गेल्या नसाव्यात" हा मवाळ पर्याय दिसायला सभ्य, पण लेखकाने इतकं पातळ सांगितलेलंच नाही. माप वाढवणं जशी चूक, तसं माप घटवणंही. शब्द कडक आहे म्हणून घाबरायचं नाही, उताऱ्यातला शब्द तितकाच कडक आहे का ते बघायचं.

दुसरी गोष्ट माझ्या मते जास्त मोठी. मुलं प्रश्न वाचतात आणि लगेच पर्यायांत शिरतात. चार पर्याय म्हणजे चार जण एकाच वेळी कानाशी बोलणार. त्यातला एकच खरं बोलतोय. त्याऐवजी पर्यायांवर हात ठेवावा, उताऱ्यातली जागा शोधावी, मोडक्यातोडक्या मराठीत का होईना पण स्वतःचं उत्तर पुटपुटावं आणि मग हात काढावा. केळीच्या प्रश्नाला तू मनात "व्यापाऱ्याला बरं, शेतकऱ्याला कुठे कुठे वाईट" एवढं म्हटलं असतंस तर ड कडे तुझं लक्षही गेलं नसतं.

आणि लेखक कोणाचं मत सांगतोय तेही बघ गं. "काही जण पाटण्यात शोधतात" हे काही जणांचं मत आहे. लेखकाचं नाही. पोऱ्याचं १ तिथेच घसरलं.

मिरची_नंदुरबार · बुधवार, रात्री ९:१५

बाई, सगळं पटलं, पण वेळ कुठून आणायचा? क्लॅटला १२० मिनिटांत १२० प्रश्न. साडेचारशे शब्दांचे उतारे. बोट ठेवत बसलो तर गणित कोण करेल?

अमळनेरची_बाई · बुधवार, रात्री ९:५०

बोट ठेवायला वेळ जात नाही, जागा शोधायला जातो. पहिल्या वाचनात प्रत्येक परिच्छेद कशासाठी आलाय हे दोन शब्दांत डोक्यात ठेवलं, जसं "शिलालेख काय म्हणतो", "गावाचा वाद", "लेखकाची शंका", तर जागा लगेच सापडते. खरा वेळ खातं ते दोन पर्यायांमधलं हेलपाटणं. ते थांबलं की वेळ उरतो. मात्र सरावाचे पहिले पंधरा दिवस घड्याळ बाजूला ठेवा. सायकल शिकताना कोणी शर्यत लावत नाही.

वकील_धुळे · गुरुवार, सकाळी ७:०५

एक जोडतो. क्लॅटच्या कायद्याच्या भागातही हाच नियम, उलट तिथे जास्त कडक. उताऱ्यात एखादं तत्त्व दिलेलं असतं आणि खाली गोष्ट. तत्त्व उताऱ्यात जसं आहे तसंच लावायचं. घरात वकील असलेली पोरं तिथे मार खातात. माझा मुलगा खाऊन आला. उताऱ्यातल्या तत्त्वात जो अपवाद दिलेलाच नव्हता, तो त्याने घरच्या गप्पांतून आणून लावला. अपवाद खरा होता. गुण गेले.

पारोळा_सर्कल · गुरुवार, सकाळी ८:४०

मग साहेब, आपल्या दोघांना या परीक्षेत शून्य.

चाळीसगावचा_पोऱ्या · शुक्रवार, रात्री १०:००

उत्तरतालिकाच चुकली तर? २०२४ च्या डिसेंबरमध्ये झालेल्या क्लॅटच्या दोन प्रश्नांची उत्तरं चुकीची आहेत असं दिल्ली उच्च न्यायालयाने ठरवलं होतं. मग आमच्या बोटाला काय किंमत?

भुसावळ_जंक्शन · शुक्रवार, रात्री १०:३२

उलट तिथेच किंमत. तिथेही ज्याने "मला असं वाटतं" म्हटलं त्याचं कोण ऐकणार होतं? तालिकेवर हरकत घ्यायची तर आधार दाखवावाच लागतो. पण सरावात मात्र एक कर. उत्तर तालिकेशी जुळलं नाही की पहिले दहा वेळा तालिका बरोबर समज आणि ओळ शोध. मी सुरुवातीला दर तिसरा प्रश्न चुकीचा ठरवायचो. पुन्हा वाचल्यावर बहुतेक वेळा मीच चुकलेला असायचो.

केळीबाग_रावेर · तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ९:१०

मंडळी, धागा वर काढतेय.

दोनशे पानी वही केली. प्रत्येक चुकीसाठी एक ओळ: मी काय निवडलं, कशाच्या जोरावर निवडलं, खरी ओळ कुठे होती. "कशाच्या जोरावर" या रकान्यात काय काय निघालं ते सांगते. "घरचं माहीत होतं" नऊ वेळा. "शब्द तोच दिसला" चौदा वेळा. "वाक्य छान होतं" सहा वेळा. आणि चार ठिकाणी नुसतंच "झोप".

म्हणजे केळीचा प्रश्न मला जितका टोचला होता, तितका तो माझा मोठा रोग नव्हताच. मोठा रोग मिरचीदादाचा निघाला. शब्द दिसला की झडप.

पहिल्या आठवड्यात गुण उलट कमी झाले, कारण बोट ठेवत बसले आणि शेवटचा उतारा राहूनच गेला. दुसऱ्या आठवड्यात जैसे थे. कालच्या सरावात इंग्रजीचे २४ पैकी १९ आले, आधी १३-१४ वर अडकायचे. लेखकाच्या सुराचे प्रश्न अजून चुकतात. लेखक टोमणा मारतोय की कौतुक करतोय हे इंग्रजीत मला उशिरा कळतं. त्यावर कोणाकडे काही असेल तर सांगा, नवीन धागा काढते.

आणि एक गंमत. काल रात्री पप्पांना तो केळीचा प्रश्न मराठीत लिहून दिला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि ड वर टिक केली. मी म्हटलं चूक. ते म्हणाले, "चूक कशी? कंदाच्या बागेत किती नुकसान झालं होतं, तूच तर पाहिलंय." मी म्हटलं, पप्पा, ते उताऱ्यात कुठे लिहिलंय दाखवा. त्यांनी तिसऱ्यांदा वाचला, ओळीओळीवर बोट फिरवत. मग कागद माझ्याकडे सरकवला.

"नोंदच राहिली आहे याच्यात. तलाठ्याकडे जा आणि दुरुस्त करून आण."

पारोळा_सर्कल · रविवार, रात्री ९:२६

अर्ज घेऊन या म्हणावं. सोबत मागचे तीन उतारे जोडा.